सर्व्हेटस, कॅल्व्हिन आणि कॅस्टेलिओ : १५५३ च्या जिनिव्हाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळाव्या शतकातल्या युरोपबद्दल शाळेत आपण शिकतो ते साधारण दोन पानांत आटोपतं. ल्यूथरने चर्चच्या दारावर कागद ठोकला, छापखाना आला, पोपची सत्ता खिळखिळी झाली, युरोप जागा झाला. पण त्या जागेपणात माणसांचं काय झालं हे समजून घ्यायचं तर एक खटला नीट वाचावा, असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हा शहराबाहेर शांपेल नावाच्या टेकाडावर मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आलं. धर्म, विद्वत्ता आणि राजकारण या तीन गोष्टी तेव्हा एकमेकींत किती गुंतल्या होत्या, ते या एका घटनेतून दिसतं. या विषयावर बोललं की जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सर्व्हेटस नेमका कोण होता?

स्पेनमधल्या आरागॉन प्रांतातल्या व्हिलानुएव्हा दे सिहेना या गावचा. जन्म १५०९ किंवा १५११ चा. तुलूझला कायदा शिकत असताना त्याने बायबल मुळातून वाचायला घेतलं, आणि तिथून त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या धर्मोपदेशकाकडे तो लेखनिक होता. १५३० साली बोलोन्यामध्ये पोपच्या हातून सम्राटाचा राज्याभिषेक झाला, तो त्याने डोळ्यांनी पाहिला. माणसं पोपची पालखी मिरवतायत, पाया पडतायत, हे दृश्य त्याच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही.

पुढच्याच वर्षी, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने त्रैक्याच्या सिद्धान्तातल्या चुकांवर एक पुस्तक छापून आणलं. कॅथलिक खवळले आणि प्रोटेस्टंटही खवळले. मग त्याने नाव बदललं. 'मिशेल द व्हिलनव्ह' या नावाने तो ल्यों शहरात एका छापखान्यात मुद्रितशोधक झाला, टॉलेमीच्या 'भूगोला'ची आवृत्ती संपादित केली, पॅरिसला वैद्यक शिकला, औषधी पाकांवर पुस्तक लिहिलं, आणि शेवटी फ्रान्समधल्या व्हिएन या गावी तिथल्या आर्चबिशपचा वैद्य म्हणून राहिला. (ऑस्ट्रियाची राजधानी ती निराळी. ही व्हिएन ल्योंच्या दक्षिणेला, रोन नदीकाठी आहे.) वर्षानुवर्षं तो दिवसा रोगी तपासत होता आणि रात्री आपला मोठा ग्रंथ लिहीत होता, आणि तो खरा कोण आहे याचा गावाला पत्ता नव्हता.

त्रैक्य म्हणजे काय, आणि त्यावरून जीव घेण्याइतकं काय होतं?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. चौथ्या शतकातल्या धर्मपरिषदांनी तो ठरवला आणि कॅथलिक, ल्यूथरचे अनुयायी, जिनिव्हातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याचे अनुयायी या सगळ्यांना तो मान्य होता. रोमशी भांडणाऱ्या सुधारकांनीही याला हात लावला नव्हता.

सर्व्हेटसचं म्हणणं होतं की 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, आणि ही मांडणी नंतरच्या तत्त्वज्ञांनी घडवली. येशू देवाचा पुत्र आहे हे तो मनापासून मानत होता, पण हा पुत्र अनादी आहे हे त्याला पटत नव्हतं. जोडीला, लहान बाळांना बाप्तिस्मा देऊ नये, माणसाने जाणतं होऊन स्वतः तो घ्यावा, असंही तो म्हणे.

हे दोन मुद्दे एकत्र आले की त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा येई. रोमन सम्राट जस्टिनियनच्या जुन्या संहितेत त्रैक्य नाकारणं आणि पुन्हा बाप्तिस्मा देणं हे दोन्ही गंभीर गुन्हे होते, आणि त्या कायद्याचा आधार युरोपभर घेतला जाई. शिवाय मोठेपणी बाप्तिस्मा देणाऱ्या ॲनाबॅप्टिस्ट पंथातल्या काहींनी १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन तिथे स्वतःचं राज्य मांडलं होतं. त्याची धास्ती सगळ्यांनी घेतली होती. बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे शहराच्या समाजात त्याची नोंद. तो नाकारणारा माणूस शहरच नाकारतो आहे, असं नगरसभांना वाटे. झुरिचमध्ये तर १५२७ सालीच फेलिक्स मान्झ या ॲनाबॅप्टिस्टाला लिमाट नदीत बुडवून मारलं होतं, आणि हे करणारे लोक प्रोटेस्टंट होते.

पण मूळ ग्रंथ तपासायची हिंमत आली कुठून? इरॅस्मसचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. १५१६ साली बाझलच्या फ्रोबेनच्या छापखान्यातून इरॅस्मस या डच विद्वानाने नव्या कराराची ग्रीक संहिता प्रसिद्ध केली. शेजारी स्वतःचं लॅटिन भाषांतर, मागे टिपा. हजार वर्षं पश्चिम युरोप लॅटिन बायबलवर विसंबून होता. आता कोणीही ग्रीक शिकलेला तरुण ते भाषांतर मुळाशी ताडून पाहू शकत होता.

आणि ताडून पाहिल्यावर अवघड गोष्टी निघाल्या. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लॅटिनमध्ये एक वाक्य होतं : स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. त्रैक्याचा याहून सरळ पुरावा बायबलमध्ये दुसरा नव्हता. इरॅस्मसला मिळालेल्या ग्रीक हस्तलिखितांत हे वाक्यच सापडेना. त्याने ते १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत छापलं नाही. केवढा गहजब झाला! मग हे वाक्य असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं, आणि १५२२ च्या आवृत्तीत इरॅस्मसने ते घातलं. हे हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी ते वाक्य नंतरचं म्हणून पुन्हा काढून टाकलं.

इरॅस्मस स्वतः त्रैक्य मानणारा होता, कॅथलिक म्हणूनच जगला आणि १५३६ मध्ये बाझललाच वारला. पण पाठभेद तपासायचं जे हत्यार त्याने परजलं, ते पुढे कोणाच्या हाती जाईल यावर त्याचा ताबा राहिला नाही. सर्व्हेटस त्याच पिढीचा वाचक.

कॅल्व्हिन आणि सर्व्हेटस यांची आधीपासून ओळख होती का?

होती, पत्रांतून. १५४६ च्या सुमारास एका ल्योंच्या पुस्तकविक्रेत्यामार्फत दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सर्व्हेटसने जवळजवळ तीस पत्रं लिहिली, वर आपल्या ग्रंथाचा कच्चा मसुदा पाठवला. कॅल्व्हिनने वैतागून स्वतःचा मुख्य ग्रंथ पाठवला, की हा वाच म्हणजे उत्तर मिळेल. सर्व्हेटसने तो समासात टीकाटिप्पणी भरून परत केला. माझ्या मते या वैराची खरी ठिणगी इथे आहे. कॅल्व्हिनचा तो ग्रंथ म्हणजे त्याचं आयुष्य होतं. तो सारखा वाढवत, घासत, पुन्हा छापत असे, आणि एका परक्या माणसाने त्याच्या कडांवर चुका काढून दाखवल्या होत्या.

फेब्रुवारी १५४६ मध्ये कॅल्व्हिनने आपला मित्र फारेल याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय असा : सर्व्हेटस इथे यायला तयार आहे, पण मी त्याला शब्द देणार नाही. तो आला आणि माझ्या शब्दाला इथे काही किंमत असली, तर मी त्याला जिवंत जाऊ देणार नाही. सात वर्षांनी काय झालं ते पाहता हे पत्र वाचताना अंगावर काटा येतो.

त्याचा ग्रंथ कोणता, आणि तो पकडला कसा गेला?

'ख्रिश्चनिस्मी रेस्टिट्युशिओ', म्हणजे ख्रिस्ती धर्माची पुनःस्थापना. कॅल्व्हिनच्या ग्रंथाचं नाव 'इन्स्टिट्युशिओ'. नावातच उत्तर होतं. ७३४ पानं, व्हिएनमध्ये गुपचूप छापलेली, जानेवारी १५५३ मध्ये पूर्ण. लेखकाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. शेवटच्या पानावर फक्त तीन आद्याक्षरं.

एक प्रत जिनिव्हाला पोचली. तिथे राहणाऱ्या गियोम द त्री या फ्रेंच निर्वासिताने फेब्रुवारीत ल्योंमधल्या आपल्या नात्यातल्या कॅथलिक भावाला पत्र लिहिलं : तुम्ही आम्हाला पाखंडी म्हणता, आणि तुमच्या नाकाखाली एक माणूस त्रैक्याची टर उडवतोय. त्याने नावगावही दिलं. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला, तेव्हा सर्व्हेटसने कॅल्व्हिनला विश्वासाने लिहिलेली पत्रं जिनिव्हाहून ल्योंला गेली. ती कॅल्व्हिनकडून मिळवायला आपल्याला फार कष्ट पडले, असं द त्रीने लिहिलं आहे. रोमच्या इन्क्विझिशनला आपण मदत केल्याचा आरोप कॅल्व्हिनने पुढे फेटाळला. पण ती पत्रं त्याच्याच संग्रहातली होती, एवढं नक्की.

४ एप्रिलला अटक झाली. तीन दिवसांनी, ७ एप्रिलच्या पहाटे, सर्व्हेटस तुरुंगाच्या बागेच्या भिंतीवरून उडी टाकून पसार झाला. जूनमध्ये कॅथलिक न्यायालयाने त्याचा पुतळा आणि कोऱ्या कागदांचे पाच गठ्ठे त्याच्या पुस्तकांच्या जागी जाळले. एकाच माणसाला एकाच वर्षी दोन परस्परविरोधी पंथांनी आगीची शिक्षा दिली. एकदा पुतळ्याला, एकदा देहाला.

मग तो जिनिव्हाला का गेला?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारायलाच हवा. त्याने स्वतः सांगितलं की नेपल्सला निघालो होतो, वाटेत थांबलो. १३ ऑगस्टला, रविवारी, तो चर्चमध्ये प्रवचनाला गेला आणि तिथे ओळखला गेला. रविवारी प्रवचनाला न जाणं परक्या माणसाला जास्त संशयास्पद ठरलं असतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. कॅल्व्हिनच्या विरोधकांच्या भरवशावर तो मुद्दाम आला, असा तर्क काहींनी केला आहे, पण त्याला पक्का पुरावा नाही.

खटला कसा चालला?

जिनिव्हाच्या कायद्यात फिर्यादीलाही आरोपीबरोबर कोठडीत बसावं लागे. आरोप खोटा ठरला तर शिक्षा त्याला. कॅल्व्हिन स्वतः फिर्यादी झाला नाही. त्याचा लेखनिक निकोला द ला फोंतेन झाला, आणि जामिनावर लवकरच सुटला. पुढे सरकारी वकिलाने खटला चालवला.

आरोपपत्रात त्रैक्य आणि बाळांचा बाप्तिस्मा हे मुख्य मुद्दे होते, पण काही आरोप वाचून आजही थक्क व्हायला होतं. टॉलेमीच्या 'भूगोला'त पॅलेस्टाइनचा प्रदेश म्हणतात तितका सुपीक नाही असं एक वाक्य होतं. मोशेने तर दुधामधाचा देश म्हटलंय, मग हा मोशेला खोटं पाडतो! सर्व्हेटसने सांगितलं की ते वाक्य आधीच्या संपादकाचं आहे. त्यात तथ्य होतं. मजकूर जुन्या आवृत्तीतूनच आला होता.

मधल्या टप्प्यावर त्याला विचारलं गेलं, की तुला व्हिएनला परत पाठवू की इथेच न्याय हवा? तो गुडघ्यांवर बसला आणि इथेच ठेवा म्हणून विनवू लागला. १५ सप्टेंबरला कोठडीतून नगरसभेला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो : उवा मला जिवंत खातायत, विजार फाटली आहे, बदलायला दुसरा अंगरखा नाही, सदरा एकच आणि तोही भिकार. हे वाचताना धर्मशास्त्र बाजूला पडतं आणि एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. तरीही आठवड्याभराने त्याच माणसाने कॅल्व्हिनवर प्रतिआरोप ठेवून मागणी केली की त्यालाही माझ्यासारखंच कोठडीत टाका.

निकालाआधी झुरिच, बर्न, बाझल आणि शाफहाउझेन या चार स्विस शहरांचं मत मागवलं. चारही ठिकाणच्या धर्मगुरूंनी दोषी ठरवलं. २६ ऑक्टोबरला शिक्षा ठरली. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा असं कॅल्व्हिनने सुचवलं, ते नगरसभेने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी फारेल त्याच्यासोबत शांपेलपर्यंत चालत गेला आणि वाटभर मत मागे घे म्हणून सांगत राहिला. सर्व्हेटसचे शेवटचे शब्द : 'येशू, सनातन देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.' 'देवाच्या सनातन पुत्रा' म्हटलं असतं तर तो त्यांच्या बाजूचा ठरला असता. एका विशेषणाची जागा त्याने आगीतही बदलली नाही.

कॅल्व्हिन जिनिव्हाचा हुकूमशहा होता ना?

नाही, आणि हा गैरसमज सोडल्याशिवाय राजकारण कळत नाही. १५३६ मध्ये जिनिव्हाने सॅव्हॉयच्या ड्यूकचं आणि आपल्या बिशपचं जोखड बर्नच्या सैन्याच्या मदतीने झुगारलं आणि नवा धर्म स्वीकारला. कॅल्व्हिनला त्यांनी १५३८ मध्ये हाकललं आणि १५४१ मध्ये परत बोलावलं. १५५३ मध्ये तो शहराचा साधा नागरिकसुद्धा नव्हता. नागरिकत्व मिळालं १५५९ मध्ये. फाशी, आग, तुरुंग हे सगळं नगरसभेच्या हाती होतं.

आणि त्या वर्षी नगरसभेत त्याच्या विरोधकांची, आमी पेरां आणि त्याच्या जुन्या जिनिव्हाकर घराण्यांची, सरशी होती. फ्रान्समधून लोंढ्याने येणारे निर्वासित, त्यांचे कडक प्रवचनकार, त्यांची शिस्त यांचा या मंडळींना जाच वाटे. सर्व्हेटसचा खटला चालू असतानाच, सप्टेंबरमध्ये, प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीतून, कोणाला वगळायचं हे धर्मगुरूंनी ठरवायचं की नगरसभेने, यावरून कॅल्व्हिन आणि नगरसभा अगदी हातघाईवर आले होते. पेरांने शेवटच्या घटकेला सर्व्हेटसचं प्रकरण दोनशे जणांच्या मोठ्या सभेपुढे नेण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

म्हणजे त्याला जाळण्याच्या निर्णयात कॅल्व्हिनचे विरोधकही सामील होते. त्रैक्य नाकारणाऱ्याला सोडलं असतं तर सारा युरोप, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही, जिनिव्हाकडे बोट दाखवायला तयार बसला होता, आणि ते दडपण दोन्ही गटांवर सारखंच होतं. दोनच वर्षांत, १५५५ मध्ये, कॅल्व्हिनच्या बाजूचे निवडून आले आणि पेरां पळून गेला.

याने कॅल्व्हिनची जबाबदारी कमी होत नाही. त्याने सर्व्हेटसला पकडवलं, त्याच्याकडची पत्रं गेली, त्याने आरोपांना धर्मशास्त्राचा आधार दिला, आणि १५५४ च्या सुरुवातीला या शिक्षेचं समर्थन करणारं पुस्तकही लिहिलं. पण एकट्यावर खापर फोडलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि ते मला मान्य नाही. मेलांख्थॉनसारख्या सौम्य समजल्या जाणाऱ्या विद्वानानेही या शिक्षेला पत्राने पाठिंबा दिला होता.

कोणी विरोध केला की नाही?

केला. आणि ज्याने केला त्याचं नाव आपल्याकडे जवळपास कोणाला ठाऊक नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

सेबास्टियन कॅस्टेलिओ, जन्म १५१५, सॅव्हॉयमधल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. ल्योंमध्ये शिकला. तिथे पाखंडी ठरवलेल्यांना जाळताना पाहून तो हादरला आणि १५४० मध्ये स्ट्रासबर्गला कॅल्व्हिनकडे गेला. काही दिवस त्याच्याच घरी राहिला. पुढे जिनिव्हाच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. पण गीतरत्न हे जुन्या करारातलं काव्य ईश्वरी आहे की साधं प्रेमकाव्य, यावरून दोघांचं बिनसलं. कॅस्टेलिओ त्याला प्रेमकाव्य म्हणे. एवढ्यावरून त्याला धर्मगुरूपद नाकारलं गेलं. १५४५ मध्ये तो बायकामुलांसह बाझलला गेला, आणि ओपोरिनस या मुद्रकाकडे मुद्रितं तपासू लागला.

ती वर्षं फार हलाखीची होती. ऱ्हाईन नदीला पूर आला की ओंडके वाहून येत. काठावरची गरीब माणसं आकड्याने ते ओढून सरपण करत. कॅस्टेलिओही करी. दिवसा मुद्रितं, रात्री बायबलचं भाषांतर. पुढे १५५८ मध्ये कॅल्व्हिनने एका पुस्तिकेत त्या आकड्याचा उल्लेख करून त्याला लाकूडचोर ठरवलं. कॅस्टेलिओने शांतपणे उत्तर दिलं, की वाहत आलेलं लाकूड सगळं गाव गोळा करतं, ते कोणाच्या मालकीचं नसतं. एवढा मोठा पंडित आणि त्याच्यावर आरोप सरपणाचा! या दोघांच्या वादातलं मला सर्वांत जास्त लागलेलं पान ते हेच.

त्याचं लॅटिन बायबल १५५१ मध्ये निघालं. त्यात त्याने रूढ चर्ची शब्द टाकून सिसेरोच्या काळची लॅटिन वापरली, बाप्तिस्म्याला 'लोटिओ' म्हणजे स्नान. पंडित भडकले. प्रस्तावना इंग्लंडच्या बालराजा सहाव्या एडवर्डला उद्देशून होती, आणि तिच्यात धर्मावरून रक्त सांडू नये अशी कळकळीची विनंती होती. म्हणजे सर्व्हेटसच्या दोन वर्षं आधीच तो हे बोलत होता. १५५३ मध्ये तो बाझल विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला.

कॅस्टेलिओने नक्की काय लिहिलं?

मार्च १५५४ मध्ये 'पाखंड्यांचा छळ करावा काय?' अशा अर्थाच्या नावाचं लॅटिन पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर गाव माग्डेबुर्ग, प्रस्तावनेखाली नाव मार्टिनस बेलिअस. दोन्ही खोटं. छापलं होतं बाझलमध्ये, ओपोरिनसने.

त्याची रचना हुशारीची होती. धर्मासाठी कोणाला मारू नये असं म्हणणाऱ्या जुन्या-नव्या लेखकांचे उतारे त्याने एकत्र केले : ऑगस्टीन, इरॅस्मस, तरुणपणीचा ल्यूथर, आणि खुद्द कॅल्व्हिनसुद्धा. सत्ता नसताना माणूस काय म्हणतो आणि सत्ता आल्यावर काय करतो, ते वाचकाने स्वतः ताडून पाहावं. येशूचा गहू आणि निदणाचा दृष्टान्त तर पुस्तकाचा कणाच आहे : कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, निदण उपटताना गहूही उपटला जाईल.

प्रस्तावनेतलं एक वाक्य प्रसिद्ध आहे. पाखंडी म्हणजे कोण याचा खूप शोध घेतल्यावर त्याला एवढंच सापडलं, की आपल्या मताशी जो सहमत नाही त्याला आपण पाखंडी मानतो. पुढे तो प्रवाशाचा दाखला देतो. या शहरात चालणारं नाणं पुढच्या शहरात खोटं ठरतं, रोज बदलून घ्यावं लागतं. धर्माचंही तसंच झालंय, एका गावात सच्चा तो दुसऱ्या गावात पाखंडी. सोन्याचं नाणं मात्र कुठेही चालतं, मग त्यावर छाप कोणताही असो. सोनं म्हणजे त्याच्या मते एकाच देवावरची श्रद्धा आणि नीतीचं वागणं.

जिनिव्हाच्या बाजूने कॅल्व्हिनचा सहकारी बेझा याने त्याच वर्षी उत्तर लिहिलं, की पाखंड्याला शिक्षा देणं हे राज्याचं कर्तव्यच आहे. कॅल्व्हिनच्या समर्थनाला कॅस्टेलिओने आणखी एक प्रत्युत्तर लिहून ठेवलं, पण बाझलमध्ये ते छापू दिलं नाही. ते नेदरलँड्समध्ये १६१२ मध्ये बाहेर आलं, लेखक जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाल्यावर. त्यात हे वाक्य आहे : 'माणसाला मारणं म्हणजे सिद्धान्ताचं रक्षण करणं नव्हे, माणसाला मारणं होय.'

म्हणजे कॅस्टेलिओ आजच्या अर्थाने धर्मनिरपेक्ष होता का?

त्याला तसं म्हणणं बरोबर नाही. तो अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आणि देवच नाही म्हणणाऱ्याला शिक्षा करण्याचा हक्क त्याने राज्याकडून पुरता काढून घेतला नव्हता. त्याचा विरोध शंका घेणाऱ्याला, चुकणाऱ्याला मारण्याला होता. आयुष्याच्या शेवटी तर त्याने शंका घेण्याच्या कलेवरच एक ग्रंथ लिहायला घेतला. कशावर शंका घ्यावी आणि कशावर विश्वास ठेवावा हे माणसाने शिकायला हवं, असं तो म्हणतो.

आणि तो देवमाणूस नव्हता, भीती त्यालाही होती. बाझलमध्ये खोट्या नावाने राहिलेला डेव्हिड योरिस हा ॲनाबॅप्टिस्ट १५५६ मध्ये वारला. तो कोण होता हे १५५९ मध्ये उघड झाल्यावर त्याचं प्रेत उकरून जाळलं गेलं. विद्यापीठातल्यांनी निषेधावर सह्या केल्या, त्यांत कॅस्टेलिओचीही सही होती. योरिसच्या वर्तुळाशी त्याची जवळीक होती, नकार दिला असता तर पुढचा नंबर त्याचा होता. मी त्याला यासाठी दोष देऊ शकत नाही, पण लपवणंही योग्य नाही.

१५६३ च्या अखेरीस त्याच्यावरही पाखंडाची तक्रार दाखल झाली. उत्तर देऊन झालं, निकाल लागायच्या आत, २९ डिसेंबरला तो वारला. वय ४८.

या विचारांचा पुढे काही उपयोग झाला का?

लगेच नाही. १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहात जर्मन राजांना कॅथलिक किंवा ल्यूथरपंथी यांतलं एक निवडायची मुभा मिळाली, प्रजेला नाही. कॅल्व्हिनपंथी आणि ॲनाबॅप्टिस्ट तर त्यात धरलेच नव्हते. फ्रान्समध्ये १५६२ मध्ये धर्मयुद्धं पेटली. त्याच वर्षी कॅस्टेलिओने फ्रेंचमध्ये एक पुस्तिका लिहून दोन्ही बाजूंना सांगितलं, की तुमच्या आजाराचं मूळ सद्सद्विवेकावरची जबरदस्ती आहे, दोन्ही धर्म राहू द्या. दहा वर्षांनी सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीत हजारो फ्रेंच प्रोटेस्टंट मेले. प्रोटेस्टंटांना तिथे मुभा देणारा नांतचा आदेश निघाला १५९८ मध्ये.

पूर्वेकडे मात्र काही निराळं घडलं. ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ मध्ये तोर्दाच्या सभेने आणि पोलंडमध्ये १५७३ मध्ये वॉर्साच्या करारनाम्याने, मर्यादित का होईना, वेगवेगळ्या पंथांना शेजारी शेजारी राहू दिलं. त्रैक्य न मानणारे पंथ तिथेच मूळ धरू शकले. पुढे डच लोकांनी कॅस्टेलिओ वाचला, छापला, भाषांतरित केला.

सर्व्हेटसने रक्ताभिसरणाचा शोध लावला म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं, मधल्या पडद्यातून पाझरत नाही, हे युरोपात छापील स्वरूपात पहिल्यांदा त्याच्या 'पुनःस्थापने'त आलं. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीसने हे आधीच लिहिलं होतं. संपूर्ण शरीरातलं अभिसरण हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये सिद्ध केलं.

मला विलक्षण वाटतं ते हे, की हा परिच्छेद धर्मग्रंथाच्या मधोमध आहे. बायबल म्हणतं जीव रक्तात आहे. देवाने नाकपुड्यांत श्वास फुंकला. मग श्वास रक्तात मिसळतो कुठे? वैद्य असल्याने त्याला उत्तर माहीत होतं : फुप्फुसांत. पवित्र आत्म्याविषयी लिहिता लिहिता तो शरीरशास्त्र लिहून गेला. त्याच्या लेखी ते दोन विषय नव्हतेच.

गोव्याशी याचा काही संबंध लागतो का?

सर्व्हेटसचा नाही. पण त्याच शतकाची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. फ्रान्सिस झेविअरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्राने मागणी केली आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये इथे आला. ज्यू वंशाच्या, सक्तीने ख्रिस्ती केलेल्या घराण्यातला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो मित्र आणि वैद्य होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. इथल्या औषधी, फळं, मसाले यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, कॅस्टेलिओ वारला त्याच वर्षी. लॅटिन संक्षेपातून तो युरोपभर वाचला गेला. ओर्ता १५६८ मध्ये नैसर्गिक मरण मेला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून जाळली. बाझलला योरिस, गोव्याला ओर्ता. एकीकडे प्रोटेस्टंट नगरसभा, दुसरीकडे कॅथलिक धर्मन्यायालय.

जिनिव्हात आज याची काही खूण आहे का?

शांपेलजवळ १९०३ मध्ये, ३५० वर्षं झाली तेव्हा, एक दगडी स्मारक उभारलं. उभारणारे कॅल्व्हिनचेच अनुयायी होते. त्यावरच्या लेखात ते स्वतःला कॅल्व्हिनचे आदर बाळगणारे, कृतज्ञ पुत्र म्हणतात, आणि जी चूक त्याच्या शतकाची होती तिचा निषेध करतात. हा कबुलीजबाब अपुरा आहे असं तेव्हाही अनेकांना वाटलं. सर्व्हेटसचा कोठडीतल्या अवस्थेतला पुतळा जिनिव्हाने तेव्हा घेतला नाही. तो १९०८ मध्ये सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आनमासमध्ये बसवला गेला. दुसऱ्या महायुद्धात तो वितळवला गेला आणि १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. जिनिव्हात त्याचा पुतळा बसला २०११ मध्ये.

त्या जाळलेल्या पुस्तकाच्या प्रती उरल्या आहेत का?

तीन. एक पॅरिसला, एक ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नात, एक एडिंबराला. एडिंबराच्या प्रतीची पहिली सोळा पानं नाहीत. त्या जागी कोणीतरी तेवढा मजकूर हाताने लिहून बांधला आहे.